सापाचं सूप, बाबांशिवाय

शाम शुई पो, हाँगकाँग
२० ऑक्टोबर १९८३

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

तुम्ही गावी पोचल्याचं पत्र मिळालं. छप्पर शाबूत आहे, विहिरीचं पाणी गोड आहे, आईच्या थडग्यावरचं गवत काढलं, एवढं कळलं. जेवता काय, ते मात्र लिहिलं नाहीत.

इकडे सोमवारी उत्तरेचा वारा सुटला आणि मी हंगामाचं पहिलं पातेलं चढवलं. नाग, मण्यार, धामण, तुम्ही घालायचात त्याच बेताने. हाडं, कोंबडी, हॅम, आलं, उसाचे तुकडे घालून सहा तास उकळलं. मांस हाताने सोडवून दोऱ्यासारखं केलं. शेवटी शिंगाड्याचं पीठ लावलं. अकरा वाजता दार उघडलं तर फुंगआजोबा बाहेर उभे. पहिली वाटी त्यांचीच असते, हे मी विसरले नव्हते. बसले, शेवंतीच्या पाकळ्या टाकल्या, चार चमचे घेतले आणि चमचा खाली ठेवला.

"काय झालं आजोबा?"

"काही नाही. चांगलं आहे सूप."

"मग संपवा की."

"तुझ्या बापाचं ते सापाचं सूप होतं. हे सूप आहे."

अर्धी वाटी तशीच टाकून उठले. दुकानात आठ गिऱ्हाईकं होती, सगळ्यांनी ऐकलं. दोघांनी तर लगेच आपापल्या वाटीत पाहिलं.

बाबा, मला रडू नाही आलं, राग आला, आणि तो तुमचा आला. गल्लीत सगळ्यांना "पोरीला सगळं येतं" असं सांगून तुम्ही पेटी उचललीत आणि गेलात. पण संत्र्याची जुनी, वाळवलेली साल किती घालायची हे विचारलं की तुम्ही "मूठभर" म्हणायचात. कुणाची मूठ? तुमच्या मुठीत माझ्या दोन मुठी मावतात. मी एकदा एक घालून पाहिली, एकदा दोन. काहीतरी चुकतंय आणि काय ते कळत नाही. नीट वजन लिहून पाठवा.

गान बरा आहे. तुमचा जावई अजूनही जिवंत सापांच्या कपाटासमोरून पाठ भिंतीला लावून जातो. खणांवर तुम्ही चिकटवलेल्या चिठ्ठ्या तशाच आहेत.

तुमची
लाय-हिंग


शुन-ताक
२९ ऑक्टोबर १९८३

चि. लाय-हिंग, आशीर्वाद.

मूठ म्हणजे मूठ. वजन मलाच माहीत नाही तर लिहू काय?

फुंगसाहेबांचं मनाला लावून घेऊ नकोस. तुला एक सांगतो, आजवर कुणाला सांगितलं नाही. सेहेचाळीस साली माझे उस्ताद वारले आणि दुकान माझ्या हातात आलं. पहिल्याच दिवशी फुंगसाहेब आले. तेव्हा ते फेरीबोटीवर तपासनीस होते, गणवेशात यायचे. चार चमचे घेतले आणि म्हणाले, "तुझ्या उस्तादाचं ते सापाचं सूप होतं. हे सूप आहे." शब्द न् शब्द तेच. तीन वर्षं अर्धी वाटी टाकून जात होते. पण येत होते. तिसऱ्या वर्षी मी काही वेगळं केलं नव्हतं, एक दिवस त्यांनी वाटी पुसून खाल्ली. तेव्हा तू हाताने काम कर आणि तोंड बंद ठेव.

इथे हवा चांगली आहे. चारी बाजूंनी मासळीची तळी आणि तुतीची झाडं. बाजारात शेतकरी दोन धामणी घेऊन आले होते, धष्टपुष्ट. न राहवून घेतल्या आणि सूप केलं. शेजारी गामवहिनी म्हणून बाई राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, स्वतःची दोन तळी आहेत. तिला वाटीभर द्यायला गेलो, शेजारधर्म म्हणून. तिनं वाकून वास घेतला आणि म्हणाली, "का हो, तळ्यातले मासे संपले का?" वाटी परत दिली. या गावातल्या बायकांना वाटतं, मासा शिजवता आला की जगातलं सगळं शिजवता येतं. बाई हट्टी आहे.

तिसऱ्या बरणीतली साल पाठव, चौदा वर्षांची आहे ती. पांढरी मिरी आणि काळी अळंबीही. पुन्हा करून पाहतो.

बाबा


शाम शुई पो
१० नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप बाबा,

साल, मिरी, अळंबी पाठवली आहे. अक्षर वाकडं आहे कारण गानच्या मिनीबसमध्ये बसून लिहिते आहे, रस्ता खराब आहे. सगळं ठीक. गान दुकानात मदत करतो. फुंगआजोबांनी अजून अर्धीच वाटी.

जास्त लिहीत नाही.

लाय-हिंग


शुन-ताक
१७ नोव्हेंबर १९८३

लाय-हिंग,

मिनीबस थांब्यावर थांबते तेव्हा तरी अक्षर सरळ यायला हवं होतं. एक ओळ सरळ नाही. हा डावा हात आहे. तुला अठरा वर्षं शिकवलं, चावलेल्या हाताचं अक्षर मला ओळखू येणार नाही असं वाटलं का तुला? मी स्वतः चारदा असली पत्रं माझ्या आईला लिहिली आहेत. मी बोटीचं कारण द्यायचो.

कोण होता? नाग असणार. मण्यार असती तर हे पत्र गानने लिहिलं असतं. कोणतं बोट? पूर्ण वळतं का? सूज कोपराच्या वर गेली होती का? दवाखान्यात किती वेळात पोचलीस? सगळं लिही, काही गाळू नकोस. आणि परत मला ठीक म्हणून कळवायचं नाही.

हात बरा होईपर्यंत कपाटाला शिवू नकोस.

बाबा

ता. क. इथे तळ्यांवरून गार वारा येतो. एक लोकरी स्वेटर पाठव. गडद लाल रंगाचा. माझ्या नेहमीच्या मापापेक्षा दोन मापं लहान. गामवहिनी हल्ली रोज सकाळी माशाची पेज आणून देते, तेव्हा जेवणाची काळजी नको.


शाम शुई पो
२७ नोव्हेंबर १९८३

तीर्थरूप बाबा,

हे उजव्या हाताने लिहिते आहे, बघून घ्या. नाग होता. उजव्या हाताची तर्जनी. बोट शेवटच्या पेरापाशी थोडं अडतं, बाकी वळतं. सूज कोपराच्या खालीच थांबली. हात आठवडाभर कोहळ्यासारखा झाला होता. गान मला मिनीबसमध्ये घालून दवाखान्यात घेऊन गेला, वाटेत एकाही थांब्यावर थांबला नाही. मागच्या बाकांवर सहा प्रवासी होते, ते सगळे माझ्याबरोबर दवाखान्यात आले. एक म्हातारी तर माझं नाव लिहून घेईपर्यंत थांबली. लस वेळेत मिळाली.

चूक माझीच होती. खण उघडताना मनात फुंगआजोबांशी भांडत होते.

आता मजा ऐका. मी हात गळ्यात बांधून घरी आले आणि म्हटलं, दुकान पंधरा दिवस बंद. गान म्हणाला, "मांस मी सोडवतो." मी हसले. हा माणूस पट्ट्याचं बक्कल जमिनीवर पडलं तरी खुर्चीवर चढतो. तर त्यानं शेजारच्या दुकानातल्या मित्राला साप काढून सोलून द्यायला सांगितलं, शिजल्यावर पातेलं समोर ठेवलं, डोळे घट्ट मिटले आणि सोडवायला बसला. म्हणाला, "डोळे मिटले की कोंबडीच आहे." बाबा, त्याचे दोरे माझ्यापेक्षा बारीक झाले. एकही काटा राहिला नाही. आता तो रोज सकाळी गाडी काढायच्या आधी दोन तास डोळे मिटून बसतो आणि रेडिओवर घोड्यांच्या शर्यतींची चर्चा ऐकतो. गिऱ्हाईकांना वाटतं ध्यानाला बसलाय.

माझं झालं. आता तुमचं.

दोन मापं लहान? दोन महिन्यांत? बाबा, तुम्ही इतके वाळलात? आणि पेज शेजारीण आणून देते म्हणजे तुम्हाला चुलीपाशी उभंही राहवत नाही का? लपवालपवी मला शिकवली कुणी ते आत्ता कळलं. तुमचं पत्र मी फुंगआजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी चमचा ठेवला आणि म्हणाले, "विचार काय करतेस? जा आणि घेऊन ये त्याला."

हिवाळी संक्रमणाच्या सणाला, बावीस डिसेंबरला, मी दुकान बंद ठेवून येते. तुम्हाला इकडे डॉक्टरांना दाखवायचं आहे. नाही म्हणू नका.

लाय-हिंग


शुन-ताक
४ डिसेंबर १९८३

चि. लाय-हिंग,

दुकान बंद ठेवू नकोस. त्या सणाला हे दुकान लढाईच्या दिवसांतसुद्धा बंद नव्हतं. मी ठणठणीत आहे. उलट विजार कमरेला घट्ट होते.

स्वेटर माझ्यासाठी नाही.

आता कसं लिहू? हे वाक्य लिहून मी तळ्याला एक चक्कर मारून आलो. लिहितो.

पहिली वाटी तिनं परत दिली, ते तुला कळवलंच होतं. मला राग आला. सदतीस वर्षं लोक माझ्या सुपासाठी रांग लावतात आणि ही बाई वास घेऊन परत करते. पुन्हा केलं, पुन्हा नेलं. म्हणाली, मांजराला घाला. तिसऱ्यांदा तू पाठवलेली साल घातली. तिनं एक चमचा घेतला, तोंडात घोळवला आणि म्हणाली, "साल चांगली आहे." बस, एवढंच. चौथ्यांदा नेलं तेव्हा ती घरी नव्हती, दाराशी ठेवून आलो, वाटी धुऊन परत आली, बरोबर वाफवलेला मासा. लाय-हिंग, तसा मासा मी हाँगकाँगात कधी खाल्ला नाही. पाचव्यांदा तिनं बसायला पाट दिला. पूर्ण वाटी खाल्ली आणि म्हणाली, "मिरी जास्त आहे. मिरीमुळे सापाची चव मागे पडते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

मी म्हटलं, मला सांगायची कुणाची हिंमत नाही.

ती म्हणाली, "म्हणूनच."

घरी येऊन मी अर्धी मिरी घालून केलं. ती दोन वाट्या प्यायली. सातव्यांदा तिच्याच चुलीवर केलं, कारण माझ्याकडचा कोळसा संपला होता. म्हणजे संपत आला होता. जेवण झाल्यावर भांडी घासता घासता ती म्हणाली, "दोन घरांत दोन चुली कशाला पेटवायच्या?" आधी मला वाटलं, कोळशाचं बोलतेय.

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. म्हटलं, मुलीला विचारतो. तिला ते पटलं. तुझ्या आईच्या थडग्याशी जाऊन मी सगळं सांगून आलो आहे. आता तू सांग.

तू नको म्हणालीस तर नको.

बाबा


शुन-ताक
२८ डिसेंबर १९८३

चि. लाय-हिंग,

सण होऊन गेला, पत्र नाही. स्वेटर आला. पार्सलात चिठ्ठी शोधली, बाह्यांत हात घालूनही पाहिलं. नव्हती.

गामवहिनी म्हणते, पोरगी हंगामाच्या गडबडीत असेल. मी म्हणतो, पोरगी रागावली आहे. स्वेटर अजून तिला दिला नाही. पेटीत आहे. तुझं उत्तर येईपर्यंत मी माझ्याच चुलीवर जेवतो.

हात कसा आहे?

बाबा


शाम शुई पो
६ जानेवारी १९८४

तीर्थरूप बाबा,

हात बरा आहे. रागावलेच होते.

तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा बसूनच घेतलं. गानला वाटलं, तुम्ही आजारी आहात. त्याला पत्र दिलं, तर हा माणूस हसायला लागला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. स्वेटर पाठवला, कारण आणून ठेवला होता, पण लिहायला बसले की पेन पुढे जाईना. मला वाटत होतं, आईसाठी राग आलाय. मग एक दिवस सुपावर घालायची लिंबाची पानं कापताना कळलं की तसं नाही. आई असती तर तिनंच तुम्हाला म्हटलं असतं, एकटे जेवू नका. जन्मभर ती दुकानाच्या मागच्या खोलीत खारा मासा आणि भात खाऊन राहिली, सुपाला तोंड लावलं नाही, पण तुम्ही जेवल्याशिवाय कधी जेवली नाही.

मला राग मिरीचा आला.

बाबा, मी एकोणीस वर्षांची होते. दुकानात लागून दुसराच महिना. मी तुम्हाला म्हटलं होतं, "बाबा, मिरी जास्त होतेय, सापाची चव मागे पडते." तुम्ही पळी माझ्या डोक्यात मारलीत. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. आणि ती बाई पाट देऊन तेच वाक्य म्हणते, तर तुम्ही घरी जाऊन मिरी अर्धी करता. माझे अठरा वर्षांचे शब्द, तिचे पाच वाट्यांचे.

हे मी मोठ्यांदा बोलले तेव्हा गान डोळे मिटून मांस सोडवत होता. डोळे न उघडताच म्हणाला, "मग तू बरोबर होतीस, नाही का? आता दुकान कुणाचं आहे?"

तर सणाच्या दिवशी मी मिरी अर्धी केली. सालही माझ्या मुठीनं घातली, दीड मूठ. तुमच्यासारखं करायचं सोडून मला आवडतं तसं केलं. सकाळपासून रांग कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत होती. तीन पातेली संपली. मला पत्र लिहायलाच काय, केस विंचरायलाही वेळ नव्हता. फुंगआजोबा आले. चार चमचे घेतले. थांबले. माझ्याकडे पाहिलं. पाचवा घेतला. बाबा, पाऊण वाटी. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे तोंड बंद ठेवलं. जाताना म्हणाले, "उद्या येतो."

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. स्वेटर पेटीतून काढा, कसर लागेल. आणि दोन चुली पेटवू नका. जे काय करायचं ते हंगाम संपल्यावर करा म्हणजे मला येता येईल. लग्नाचं सूप मी करणार. त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पळीही मी माझी आणीन.

लाय-हिंग


शुन-ताक
१५ जानेवारी १९८४

चि. लाय-हिंग, अनेक आशीर्वाद.

अकरा मार्च, रविवार. साप इथेच सांगून ठेवतो, तू फक्त साल आण. जावयाला घेऊन ये, त्याचे दोरे मला पाहायचे आहेत.

पळीचं मला आठवत नव्हतं. तुझं पत्र वाचून आठवलं. तू एकोणिसाची होतीस तेव्हाही बरोबर होतीस.

स्वेटर तिला बरोबर बसला. दिवसभर अंगात घालून तळ्यावर हिंडते, चिखल लागेल म्हटलं तर ऐकत नाही.

बाबा


शुन-ताक
२१ मार्च १९८४

चि. लाय-हिंगला गामचा आशीर्वाद.

मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे. साक्षरता वर्गात शिकले तेवढंच लिहिता येतं, चुका काढू नकोस. तू मला काय हाक मारायची ते आपलं ठरलंच नाही. दोन्ही दिवस तू "अहो" म्हणून भागवलंस, मी पाहिलं. गामवहिनी म्हण. सगळं गाव म्हणतं, तुझे बाबाही अजून तेच म्हणतात. सवय आहे, जाता जाईना.

तुमची बस गेल्यापासून मनात आहे म्हणून लिहिते. लग्नाच्या दिवशी तू पहिली वाटी स्वतः नेऊन त्यांच्या हातात दिलीस. सगळं अंगण त्यांच्या तोंडाकडे बघायला लागलं. जावईबापूंनी तर त्या वेळी खरोखरच डोळे मिटले होते. तुझे बाबा एक चमचा प्यायले आणि म्हणाले, "गरम आहे." बस. मग दुसऱ्या कुणाशी तळ्याच्या पाण्याबद्दल बोलायला लागले. तू हसलीस आणि आत निघून गेलीस. पण बसच्या खिडकीत बसलीस तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिला आहे. मला पोटची मुलगी नाही, तरी तो चेहरा कळतो.

तर ऐक. तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी पातेल्यात थोडं सूप उरलं होतं. माझ्या भावजयीनं विचारलं, नेऊ का घरी? तुझे बाबा म्हणाले, नको, आंबलं असेल. आंबलं काय, मी वास घेतला होता, उत्तम होतं. ती गेल्यावर त्यांनी ते गरम केलं आणि उभ्या उभ्या, पातेल्यातूनच प्यायले. मी ओट्याशी मासा साफ करत होते. मधेच त्यांनी लिंबाच्या पानांचा एक दोरा बोटावर उचलला, दाराशी उजेडात नेला आणि बराच वेळ पाहत राहिले.

मी विचारलं, "केस आहे का?"

"केसासारखंच कापलंय," ते म्हणाले. "बघ. उस्तादांनाही इतकं बारीक येत नव्हतं. मला तर जन्मात आलं नाही."

मग पातेलं तिरकं करून तळाचं खरवडलं. मला एक चमचाही विचारलं नाही. पातेलं ठेवताना म्हणाले, "माझ्या सुपापेक्षा चांगलं आहे. मिरी, साल, सगळंच." असं म्हणून स्वतःच दचकले, आणि लगेच माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे तिला लिहायचं नाही. डोक्यावर बसेल."

मी म्हटलं, बरं.

तेव्हापासून चहाच्या दुकानात जो भेटेल त्याला तुझ्याबद्दल सांगतात. माझ्या भावजयीला तीनदा सांगून झालं. फक्त तुला सांगायचं नाही.

आत्ता ते तळ्यावर माशांना गवत टाकायला गेलेत. तुतीच्या झाडांमागून त्यांची टोपी परत येताना दिसते आहे, म्हणून इथेच थांबते आणि पाकीट चिकटवते.

गामवहिनी